शिळ्या पाण्याची बाजू

मंजुळाबाई पडल्या तेव्हा आवाज झाला तो बादलीचा. त्यांचा स्वतःचा असा काही आवाज झाला नाही. बादली फरशीवर आपटली, पाणी सोफ्याखाली शिरलं, आणि त्या टीव्हीकडे तोंड करून अशा बसल्या की बघणाऱ्याला वाटावं, बाईंची मालिका लागली असेल. टीव्ही बंद होता. त्याच्या काळ्या काचेत त्यांना स्वतःचे पसरलेले पाय, तिरका झालेला चष्मा आणि मागे उजळलेली माशांची टाकी दिसली. मासे पुढच्या काचेशी येऊन थांबले होते, रस्त्यावर गाडी घसरली की माणसं थांबतात तसे. दुखत कुठेच नव्हतं, आणि नेमकं हेच त्यांना नंतर कुणाला पटवून देता आलं नाही. सून डिंपल स्वयंपाकघरातून धावत आली, मुलगा गोकुळ दुकानातून आला, डॉक्टरांनी कंबर दाबून पाहिली, गुडघा वाकवून पाहिला आणि सगळं जागच्या जागी आहे असं सांगितलं, तेव्हा एवढी धावपळ करून आलेल्या माणसांचा थोडा हिरमोडच झाल्यासारखा त्यांना वाटला.

पडण्यात विशेष काही नव्हतं. विशेष घडलं ते त्यानंतर. "आई, चहा घेतं का?" असं विचारणारा गोकुळ आता त्यांच्या देखत डिंपलला विचारू लागला, "आईनं चहा घेतला का?" आणि डिंपल, जी शाळेत शिकवते आणि कुठल्याही प्रश्नाला पूर्ण वाक्यात उत्तर देते, ती म्हणे, "हो, आत्याबाईंनी चहा घेतला." खुर्चीत बसून मंजुळाबाई हे ऐकत, आणि कधी कधी तर आपण चहा घेतला की नाही हे कळायला त्यांनाही डिंपलच्या उत्तराची वाट पाहावी लागे. पडण्याआधी या घरात त्या कुणाशी तरी बोलत असत. पडल्यापासून त्यांच्याविषयी बोललं जाऊ लागलं. जिना बंद झाला. ओल्या मोरीत एकटीनं जाणं बंद झालं. मग एका संध्याकाळी जेवताना गोकुळ भाजीत लिंबू पिळत डिंपलला म्हणाला, "भाऊराव टाकी घेऊन जातो म्हणते. आईलेही सुटका." भाऊराव म्हणजे त्याचा मित्र, शेगाव रोडला नवीन फॅमिली रेस्टॉरंट काढलेला. शुद्ध शाकाहारी. गिऱ्हाईक जेवताना समोर मासे पोहत असले की प्रसन्न वाटतं, असं त्याला कुणी तरी सांगितलं होतं.

"मले काऊन सुटका?" मंजुळाबाईंनी विचारलं.

दोघांनी दचकून त्यांच्याकडे पाहिलं, जणू फ्रिज बोलला.

"आई, तू पडली ना," गोकुळ म्हणाला.

"मी पडली. टाकी कुठं पडली?"

ही टाकी खरं म्हणजे गोकुळनेच आणलेली. त्याचं पाईप, मोटरी आणि ठिबकच्या सामानाचं दुकान. एका वर्षी धंदा बसला, तेव्हा एका वास्तुवाल्याने सांगितलं की ईशान्येला मासे ठेवा, छोटीमोठी बरणी नको, चांगली माणूस झोपेल एवढी टाकी ठेवा. तशी आणली. हॉलची एक भिंत त्यात गेली, आणि त्या भिंतीवर असलेला मंजुळाबाईंच्या यजमानांचा फोटो उत्तरेला सरकला. गोकुळ मूळचा उदार मनाचा. नळ आला त्या दिवशी त्याने टाकी अगदी ताज्या पाण्याने काठोकाठ भरली, वर हळदकुंकू वाहिलं आणि पिशवीतले मासे त्यात सोडले. संध्याकाळपर्यंत सगळे पोट वर करून तरंगत होते. वास्तुवाल्याला फोन केला तर तो खुश झाला. म्हणाला, अहो तुमच्यावरचं संकट माशांनी स्वतःवर घेतलं! गोकुळला हे इतकं पटलं की त्याने नवीन मासे आणले. मंजुळाबाईंना पटलं नाही. त्यांनी टाकीवर वाकून वास घेतला, तर नळाच्या पाण्याला येतो तो ब्लीचिंग पावडरचा वास, डोळ्यांत पाणी आणणारा. संकट कुठून आलं हे त्यांना कळलं. ते नगरपालिकेच्या पाईपातून आलं होतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी कुणाला न विचारता मागच्या वेळी नळ आला तेव्हाचं, ड्रममध्ये उघडं बसून राहिलेलं पाणी टाकीत भरलं. मासे जगले. सातआठ सोनेरी, आणि एक दुकानदाराने शार्क म्हणून दिलेला, जो दाराची बेल वाजली की दगडामागे लपतो.

शिळं पाणी. या गावात नळ रोज येत नाही. येतो तेव्हा पाहुण्यासारखा येतो, बरेच दिवस वाट पाहायला लावून. तोवर माणसं तांब्या तांब्या मोजतात, भाजी धुतलेलं पाणी कुंडीला, कुंडीचं उरलेलं अंगणाला. आणि नळ आला अशी गल्लीत आरोळी उठली की हीच माणसं ड्रमातलं, टाक्यांतलं, हंड्यातलं उरलेलं सगळं पाणी दाणादाण ओतून देतात. का, तर शिळं झालं. गल्लीची नाली अशी वाहते की जणू इथे नदीच होती. मंजुळाबाईंनी स्वतः चाळीस वर्षं हे केलं. सासूने शिकवलं, सासूला तिच्या सासूने. शिळी भाकरी चटणीशी चालते, शिळ्या वरणाला दुसऱ्या दिवशी जास्त चव येते, पण शिळं पाणी म्हणजे घराची अब्रू गेली. आणि इकडे काचेमागे हे सातआठ जीव, ज्यांना ताजं पाणी म्हणजे मरण. रात्रभर झाकण उघडं राहिलेलं, वास उडालेलं, कुणाला नको असलेलं पाणी, तेच त्यांचं आयुष्य. मंजुळाबाईंना हे काही तरी फार मोठं वाटे. पण त्या ते बोलत नसत. या वयात माणूस शिळ्याची बाजू घ्यायला लागला की लोक लगेच त्याच्या वयाकडे बघतात.

त्यांचं पंधरवड्याचं काम ठरलेलं. टाकीतलं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून स्वच्छ नसतं. मासे त्यातच खातात आणि त्यातच बाकीचं सगळं करतात. म्हणून तिसरा हिस्सा काढायचा आणि तेवढंच शिळं पाणी घालायचं. सांगायला एवढंच. करायला बादल्या. टाकीतून मोरीत, ड्रममधून टाकीत, हॉलच्या त्या चकचकीत फरशीवरून. दिवसभर शेतकऱ्यांना पाणी न उचलता कसं न्यावं हे सांगणारा गोकुळ, आई बादली घेऊन समोरून गेली की पाय वर घेऊन "जपून, आई" एवढं म्हणायचा.

"मंग पाणी कोन बदलन?" आता तो म्हणाला. "मले दुकान, डिंपलले शाळा."

"मीच बदलीन. बादली न उचलता."

"हवेतून बदलशील काय?"

"हवेतून काऊन? तुयाच दुकानातून."

गोकुळ हसला. मग, कधीच घडणार नाही अशी खात्री असलेल्या गोष्टीला माणूस देतो तसा त्याने होकार दिला. रविवारी भाऊराव येतो. त्याच्यासमोर दाखव. एकही बादली न उचलता पाणी बदललं तर टाकी राहिली. नाही तर भाऊरावची.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना आपल्या तळपायाखाली पाणी आल्यासारखं वाटलं, आणि त्या दचकल्या नाहीत. ते पाणी ओळखीचं होतं. माहेरी, उंद्रीला, बापाचा भाजीचा मळा होता, वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. त्या परकरात असताना पाटाच्या टोकाशी उभ्या राहायच्या. विहिरीकडून पाणी निघालं की ते दिसायच्या आधी पायाला कळायचं. मातीचा गारवा आधी येतो, मग वास, मग पाण्याचं बोटभर टोक, पाचोळा ढकलत, किडे पळवत. ते आलं की पायानेच माती सारायची, एक वाफा बंद, दुसरा उघडा. बाप, पुंजाजी, बांधावरून ओरडायचा, "उचलू नको व पोरी, वळव. पानी उचलनं गाढवाचं काम." त्या पोरीने आयुष्यात तोवर एकही बादली उचलली नव्हती, फक्त वळवलं होतं. मग लग्न झालं, खामगावला आल्या, यजमान कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तेव्हाचं घर वरच्या मजल्यावर, नळ खाली. वळवणाऱ्या माणसांतून त्या उचलणाऱ्या माणसांत आल्या. उजवा खांदा डाव्याहून खाली गेला तो तेव्हा, आणि ब्लाऊज शिवणारीला अजून दर वेळी सांगावं लागतं. त्यांना कूस बदलताना एकदम राग आला. पडल्याचा नव्हे. जे उचलता उचलता पडल्या, ते चाळीस वर्षं उचलायची गरजच नव्हती, याचा. तो राग इतका चांगला होता की त्यांना लगेच झोप लागली.

सामान दुकानातलंच. गवंडी लेव्हल पाहायला वापरतात ती आरपार दिसणारी जाड नळी, आणि ठिबकचे दोन कॉक. एक नळी टाकीतून वर काठावरून खिडकीतून बाहेर, परसातल्या मेथीच्या वाफ्यापर्यंत. ती एकदा पाण्याने भरून घेतली आणि टोक टाकीच्या खाली सोडलं की पाणी आपणहून ओढलं जातं, त्याला ढकलावं लागत नाही. दुसरी नळी गच्चीवरच्या ड्रममधून खाली टाकीत. ड्रम नळाच्या दिवशी मोटरने भरतोच. तिथे उन्हात, झाकण उघडं ठेवून पाणी शिळं होऊ द्यायचं. म्हणजे सगळं काम काय, तर एक कॉक उघडा, बंद करा, दुसरा उघडा. जिना बंद असल्यामुळे गच्चीवरचं सगळं डिंपलने केलं, आणि नीट केलं. तिला फक्त एकच शंका होती.

"आत्याबाई, हे नळ्यांचं जाळं पाहुण्यांसमोर कसं दिसेल?"

"दवाखान्यासारखं," मंजुळाबाई म्हणाल्या. "पन पेशंट मी नाही."

शनिवारी नळ आला. गल्लीत आरोळी उठली, मोटरी घुरघुरल्या, नाली वाहू लागली. मंजुळाबाई खुर्चीत बसून तो आवाज ऐकत होत्या आणि प्रथमच त्यांना त्या गडबडीत उठावंसं वाटलं नाही. त्यांनी डिंपलला कॉक कसा फिरवायचा ते दोनदा सांगितलं होतं, नळी कुठे बांधायची ते सांगितलं होतं, झाकण उघडं ठेव म्हणून सांगितलं होतं. ड्रममधलं पाणी ओतू नको, हे सांगितलं नव्हतं. ते त्यांच्या दृष्टीने सांगण्यासारखं नव्हतंच.

रविवारी भाऊराव आला तो टेम्पो आणि दोन पोरं घेऊनच. गळ्यात चेन, तोंडात सुपारी, टाकीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "गोकुळशेठ, गल्ल्याच्या मागं मस्त बसते बे ही. वरून लायटिंग मारतो." मग मंजुळाबाईंकडे वळून, "काकू, दाखवा तुमची जादू."

त्यांनी खिडकीशी बसून कॉक फिरवला. नळीतून एक बुडबुडा गेला, मग दुसरा, मग पाणी असं सरळ चालू लागलं की भाऊरावचा एक पोरगा खिडकीतून परसात वाकून ओरडला, "निंघालं बे, निंघालं!" टाकीतली पातळी उतरू लागली. मासे वर बघू लागले. गोकुळने नळीला हात लावून पाहिला, जणू ती दुसऱ्याच दुकानातली आहे. तिसरा हिस्सा गेला. तिथे थांबायला हवं होतं. पण समोर माणसं होती, आणि पडल्यापासून त्यांच्याकडे माणसं फक्त जपून पाहत होती; आज प्रथमच नुसती पाहत होती. मंजुळाबाईंनी कॉक आणखी थोडा वेळ उघडा ठेवला. पाणी अर्ध्यावर आलं तेव्हा त्यांनी तो बंद केला, आणि दुसरा उघडला, थाटात, हळदीकुंकवाला अत्तर लावतात तशा दोन बोटांनी.

गच्चीवरून पाणी आलं. धार टाकीत पडायच्या आधी त्यांनी सवयीने हात मध्ये धरला, ओंजळ नाकाशी नेली, आणि कॉक बंद केला.

"डिंपल," त्या म्हणाल्या, "ड्रममधी पानी कोन्तं हाये?"

"ताजं, आत्याबाई," डिंपल अभिमानाने म्हणाली. "काल सगळं शिळं ओतून दिलं, ड्रम घासला आणि नळाचं भरलं. पाहुणे येणार होते ना."

फक्त फिल्टरची फरफर चालू होती, आणि शार्क दगडामागे गेला. मंजुळाबाईंना सुनेचा राग यायला हवा होता, पण त्यांना डोळ्यांपुढे डिंपलच्या हातात काल ड्रम घासलेली काथ्याची घासणी दिसली, आणि त्या हाताच्या मागे दुसरा हात, त्याच्या मागे आणखी एक, किती तरी बायका ओळीने शिळं पाणी ओतत असलेल्या, प्रत्येक जण चांगल्या घरची. ओळीत मध्येच कुठे तरी त्या स्वतः.

"सोड ना थोडं," गोकुळ म्हणाला. "काही नाही होत. चालते."

"पहिल्या खेपी कोन चाललं रे?"

"ते संकट होतं, आई."

"संकट नव्हतं. तू होता."

भाऊराव सुपारी गालात सरकवून म्हणाला, "हे पाहा, तशीही अर्धी खाली झाली. बरंच झालं, उचलायले हलकी. मह्याकडं बोरचं पानी हाये, त्याले वास नाही. ए, उरलेलं काढा रे, मासे पिशव्यात भरा." एका पोराने कॉककडे हात नेला.

मंजुळाबाई उठल्या. टाकीत बुडालेलं नळीचं टोक त्यांनी ओढून बाहेर काढलं. नळीतलं उरलंसुरलं पाणी फरशीवर सांडलं. बाहेरचं टोकही त्यांनी खिडकीतून आत ओढलं, सगळी नळी वेटोळं करून खांद्यावर टाकली, त्याच खाली गेलेल्या उजव्या खांद्यावर, आणि त्या जिन्याकडे चालू लागल्या.

"आई, कुठं चालली?"

"वर."

"जिना चढू नको म्हनलं ना डॉक्टरनं!"

"डॉक्टरनं नाही म्हनलं. तू म्हनलं." पहिल्या पायरीवरून त्या मागे वळल्या. "टाकी खाली करायची असन तं बादल्या मोरीत हायेत. उचला. फरशी ओली हाये, भाऊराव, जपून."

जिना चढताना गुडघे बोलले. त्यांना बोलू दिलं. खालून गोकुळ काही तरी सांगत होता, पण त्या आवाजात 'आईला' नव्हतं, 'आई' होतं, त्यामुळे ऐकलं नाही तरी चालण्यासारखं होतं. गच्चीचं दार ढकललं आणि ऊन अंगावर आलं. तेलगिरणीकडून सरकीचा वास येत होता, कुठून तरी कापसाचे दोन धागे उडत आले आणि केसांत बसले. कुणाच्या तरी वाळत घातलेल्या साड्या फडफडत होत्या. इतके दिवस इथे वर दुपार होत होती आणि आपल्याला खाली नुसता चहा विचारला जात होता, हे त्यांना विचित्र वाटलं. ड्रमचं झाकण डिंपलने पुन्हा घट्ट लावलं होतं. कावळा पाण्यात तोंड घालू नये म्हणून. त्यांनी ते काढलं. आतून वासाचा एक भपका आला, डोळे चुरचुरले. पाणी अगदी नितळ होतं. नवीन, घासलेलं, कुणाच्याही उपयोगाचं नसलेलं. त्यांनी नळी खाली ठेवली, पदर खोचला, ड्रमपाशी पडलेला प्लास्टिकचा मग घेतला, भरला, हात डोक्याच्या वर नेला आणि पाणी पुन्हा ड्रममध्ये ओतलं, चहा निववतात तसं, उंचावरून, पातळ धारेने. उन्हाला वास नेऊ दे. उद्या दुपारपर्यंत हे पाणी माशांच्या लायकीचं होईल. अर्ध्या टाकीत ते तोवर नक्की राहतील, दाटीवाटीत राहायची सवय कुणाला नसते. आणि खाली ती माणसं काय करतील ते करोत. पण त्यांना ऐकू येत होतं की बादल्यांचा आवाज येत नाही.

थोड्या वेळाने जिन्यात पावलं वाजली. डिंपल आली, हातात तांब्या.

"मला माहीत नव्हतं, आत्याबाई."

"कोन म्हनते माहीत होतं? मीही जन्मभर हेच केलं."

"आता?"

"आता ओत. उंचावरून."

डिंपलने ओतलं. पहिली धार तिच्याच पायावर पडली. दुसरी बरोबर गेली. दोघी ओतत राहिल्या, एकीचा मग खाली जाताना दुसरीचा तांब्या वर. मंजुळाबाईंचा हात दुखायला लागला होता. हा दुखणारा हात त्यांना आवडला. पडल्यापासून प्रथमच शरीरात काही तरी त्यांच्या स्वतःच्या कामाने दुखत होतं.

खाली दार उघडलं, माणसं गल्लीत आली. भाऊरावचा आवाज: "अबे गोकुळ, मासे घेऊन जातो नुसते, टाकी मागून नेतो." मग गोकुळचा, जरा हळू: "नाही यार. थांब." आणि मग गोकुळने वर पाहून हाक मारली. डिंपल कठड्यापाशी गेली, पण तो तिला म्हणाला, "तुले नाही. आईले बोलाव." मंजुळाबाई हातातला मग तसाच धरून कठड्याशी आल्या. वरून त्यांना मुलाच्या डोक्यावरचा विरळ झालेला भाग दिसला, त्याच्या बापासारखाच, अगदी मधोमध.

"आई, किती वेळ लागन पान्याले?"

"उद्या दुपार."

"भाऊराव म्हन्ते, मंग उद्या येतो."

"ये म्हना की. चहाले ये म्हना. टाकी पाह्याची असन तं हॉलमधी बसून पाह्य म्हना, आमच्या घरी पाह्यले पैसे नाही लागत."

भाऊराव तोंड वर करून बघत राहिला. "काकू, तुमी हारल्या ना पन! पानी बदललं कुठं?"

"बादली कोनी उचलली का?"

भाऊरावने सुपारी थुंकली. गोकुळकडे पाहिलं, गोकुळने टेम्पोकडे पाहिलं, आणि मग गोकुळने पोरांना हाताने बसा म्हणून खूण केली. टेम्पो चालू झाला. पण समोर नालीपर्यंत लोकांनी काल भरलेले ड्रम मांडून ठेवलेले, गल्ली अरुंद, वळायला जागाच नव्हती. तेव्हा तो आल्या तोंडाने, मागे मागे, मुख्य रस्त्यापर्यंत सगळी गल्ली उलटी जाऊ लागला, आणि रिव्हर्सला लावलेली त्याची शिट्टी एकसारखी वाजत राहिली, टूं टूं टूं, खिडकीखिडकीतून माणसं बाहेर डोकावेपर्यंत. गोकुळ पुढे होऊन दोन्ही हातांनी त्याला वाट दाखवत होता, आणखी मागे, आणखी, येऊ दे, येऊ दे. मंजुळाबाईंनी ते थोडा वेळ पाहिलं. मग त्या ड्रमकडे परतल्या आणि हातातला मग पुन्हा भरला.